शकूआत्यानं लावलेला शेवट

आमच्या घरात पुस्तकावर मत द्यायचं म्हणजे आधी हाताजवळच्या जड वस्तू दूर सरकवाव्या लागत. लाटणं, अडकित्ता, पाण्याचा पितळी गडू आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांच्या दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन. ते वजन दर रविवारी आई स्वतः उचलून न्हाणीत नेऊन ठेवायची, कमरेवर हात ठेवून खोलीभर एकदा नजर फिरवायची आणि मग म्हणायची, "हं, बसा आता." लोकांच्या घरी पुस्तकांवर शांतपणे बोलणं होतं, हे मला लग्नानंतर कळलं. सासरी पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी चहा पिता पिता एका कादंबरीबद्दल माझं मत विचारलं. मी सवयीप्रमाणे त्यांच्या पुढची कपबशी उचलून लांब ठेवली, पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पाठ भिंतीला असली की मागून काही येत नाही. तो किस्सा त्या घरात अजून सांगतात. नवरा सांगतो तेव्हा माझ्या हातात लाटणंही असतं, पण ते त्यानं पदरचं घातलेलं आहे.

बाबांचं रद्दीचं दुकान होतं. शहराच्या कडेला, हुडकेश्वरला तेव्हा ले-आउट पडायला नुकती सुरुवात झाली होती. प्लॉटांच्या मधूनमधून तूर उभी असायची, रस्ता म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. समोर टिनाचं शेड ते दुकान, मागच्या दोन खोल्या ते घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक सागवानी दार. ते बाबांनी कुठल्याशा पाडकामातून आणलं होतं. आमच्या घराच्या मानानं ते इतकं जड होतं की लावलं की मांडणीवरची भांडी थरथरायची. दिवसभर दुकानातून आवाज येत राहायचे. गठ्ठा तराजूत पडला की धप्प, वजन पडलं की ठण्ण, आणि सुतळी ताणून गाठ मारताना बाबांच्या तोंडून एक शिवी. त्या तीन आवाजांच्या ठेक्यावर मी पाढे पाठ केले आहेत. त्यामुळे आजही सतराचा पाढा म्हणताना माझ्या तोंडून भलतंच काही निसटतं.

रद्दीत पुस्तकं यायची. साबूत पुस्तकं बाबा बाजूला काढायचे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला द्यायचे. फाटकी घरात यायची. आणि पुस्तक फाटतं ते मागून. आधी पुठ्ठा सुटतो, मग शेवटची पानं सुटतात, ती फुटाणेवाल्याच्या पुड्यांना जातात. माझ्या अख्ख्या लहानपणात मी ढिगानं कादंबऱ्या वाचल्या आणि एकीचाही शेवट वाचला नाही. खून कोणी केला हे मला माहीत नाही. कोणाचं लग्न कोणाशी झालं, हरवलेला भाऊ सापडला की नाही, माहीत नाही. आम्ही भावंडं फुटाणे खाऊन झाले की पुडी उलगडून बघायचो, न जाणो एखादा शेवट सापडला तर. सापडायचे ते दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकाचे.

म्हणून आमच्याकडे शेवट लावायचा रिवाज पडला. आठवडाभरात ज्यानं जे वाचलं ते त्यानं रविवारी दुपारी जेवताना सगळ्यांना सांगायचं, पान तुटलं तिथपर्यंत. मग प्रत्येकानं पुस्तकाबद्दल मत द्यायचं आणि पुढे काय झालं असेल ते ठरवायचं. शेवट लागल्याशिवाय पानावरून कोणी उठायचं नाही. त्या वेळी घरात जो असेल त्यानं बोललंच पाहिजे, पाहुणा असला तरी सुटका नाही. एकदा विम्याचे कागद घेऊन आलेल्या एका सज्जन माणसाला बाबांनी असंच बसवून घेतलं. त्यानं बिचाऱ्यानं नायिकेला क्षयानं मारलं, तर आईनं त्याला ताक वाढायचं बंद केलं. भांडण मिटलंच नाही तर ज्यानं पुस्तक वाचलं त्याचा शब्द शेवटचा, असा नियम होता. तो बाबांनीच केला होता आणि बाबांनीच कधी पाळला नव्हता.

प्रत्येकाची तऱ्हा ठरलेली. बाबांना घर जुळलेलं लागायचं. पळून गेलेला मुलगा परत येऊन पाया पडतो, रुसलेली बायको सासरी जाते, वाटणी झालेले भाऊ एका ताटात जेवतात. माझा मोठा भाऊ सुरेश प्रत्येक शेवटी पोलीस आणायचा, अगदी प्राण्यांच्या गोष्टीतसुद्धा. मी नायिकेला परीक्षा देऊन साहेबीण करायचे आणि जीपमधून गावात आणायचे. ती जीप पुढे माझ्या आयुष्यात काही आली नाही, मी स्कुटीवरच राहिले. आणि आई. आई गल्लीत सगळ्यात मऊ बोलणारी बाई. मुंगी चालली असेल तर केरसुणी थांबवणारी. ती ताटात वाढता वाढता इतक्या शांतपणे म्हणायची, "मारून टाका न त्याले. विहिरीत ढकला." दर रविवारी ती एकाला तरी मारायची. साप, विष, उखळ, उकळतं तेल. आम्हाला वाटायचं आईला गोष्टी कळत नाहीत.

यावरून मारामाऱ्या व्हायच्या, आणि त्या खऱ्या व्हायच्या. सुरेशच्या भुवईवर जो वण आहे तो एका जमीनदाराच्या मुलीनं कोणाशी लग्न करावं यावरून बाबांनी भिरकावलेल्या गडूचा आहे. माझा पुढचा दात अर्धा आहे, तो एका गुप्तहेरामुळे. आज नातवंडांना सांगताना मी हे हसत सांगते आणि तीही हसतात. पण बाबांचा हात लागायचा तेव्हा कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहायची, आणि आई नंतर पाठीवर तेल चोळायची. रविवारचं निमित्त पुस्तकाचं होतं. बाकीच्या वारी निमित्त लागत नसे.

अशा घरात एका दुपारी शकूआत्या आली. शकूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, कन्हानला दिलेली. हातात पिशवी नव्हती. डावा हात पदरात गुंडाळून छातीशी धरलेला होता. दुकानातूनच ती आत आली, दारापाशी थबकली, आणि त्या सागवानी दाराला अंग लागू न देता, आडवी होऊन, एका कुशीनं घरात शिरली. तेव्हा मला ते नुसतंच विचित्र वाटलं. आईनं पदर सोडवला. मनगट वांग्यासारखं फुगलेलं आणि तसंच जांभळं होतं, बोटं वेगळ्याच दिशेला बघत होती.

"काय झालं वं शकू?" बाबा म्हणाले.

"बोरिंगवर पाणी भरता भरता पाय घसरला, भाऊ."

"पाह्यत नाई काय जमिनीकडे? नेहमीची धांदरट!"

दवाखान्यात नेऊन पलस्तर घातलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही बोरिंगच. आई तिला न्हाऊ घालायची आणि बाहेर आली की चुलीपुढे बराच वेळ फुंकणी हातात धरून नुसती बसायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "बोरिंगनं पाठीवर कोणी पडते काय, मंगे?" बाबांना तिनं हे सांगितलं असणार, कारण त्या दिवशी आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "तिनं सांगतलं काय तुले? तिच्या तोंडानं सांगतलं? मंग मधातल्या मधात काहून आग लावून राहिली? संसार हाये तिचा." आणि मग आईचा आवाज आला नाही, दुसराच एक आवाज आला. बाबांनी कन्हानला निरोप पाठवला की जावईबापूंनी रविवारी यावं, जेवावं आणि शकूला घेऊन जावं. जावयाचा शब्द आमच्याकडे देवाच्या खालोखाल. बहिणीनं स्वतःच्या तोंडानं तक्रार केल्याशिवाय भावानं जावयाला काही विचारणं म्हणजे नाक कापून घेणं. आणि आत्याचं तोंड शिवलेलं होतं. ते का, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. ज्या घरात ती आली होती तिथलेही आवाज तिला ऐकू येत होतेच की.

त्या दिवसांत ती एक पुस्तक वाचत होती. पुढचा पुठ्ठा नाही, मागचा नाही, नाव नाही, लेखक नाही. पान उलटायला हात एकच, म्हणून पुस्तक मांडीवर ठेवून त्यावर अडकित्ता आडवा टाकायची. ओठ हलवत, सावकाश वाचायची. चौथीपर्यंत शिकलेली होती. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "कसं हाये वं आत्या? भाषा कशी हाये?" तेव्हा मी भाषेविषयी फार बोलत असे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाषा हाये बाप्पा. हात नाईत याले, कोणाले मारत नाई."

रविवारी मामाजी आले. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. पांढरा सफारी, हातात जिलबीचा पुडा, तोंडात इलायची. एका ठेकेदाराकडे खाणीवर सुपरवायझर होते, दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. त्यांची एकच खोड. समोरचा चुकला की त्यांना राहवायचं नाही. "तसं नाई ते," असं म्हणून ते दुरुस्ती करायचे. आई म्हणाली, "कन्हानहून याचं म्हणजे दोन बशी बदला." तर, "तसं नाई ते वहिनी, आता सीधी बस सुरू झाली." सुरेशनं क्रिकेटचं काही सांगितलं, तर तसं नाई ते. मी जिलबी इंदूरची चांगली म्हटलं, तर तसं नाई ते. त्यांच्यासमोर घड्याळसुद्धा चुकीची वेळ दाखवायला घाबरलं असतं. आत्या एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. तिच्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. "पलस्तर निघाले टाइम हाये वाटते. तिकडंच काढू."

आईनं जावयासाठी गोळाभात केला होता. भातात मुरलेले डाळीचे तिखट गोळे, वरून कढत तेलाची फोडणी, बाजूला चिंचेचं सार. पाय धुवायला पाणी देणं, पाट मांडणं, उदबत्ती लावणं या गडबडीत ती एक गोष्ट विसरली. दुकानातून पुसायला म्हणून आत आणलेलं पाच किलोचं वजन दारामागेच राहिलं. आईचे इतके रविवार गेले, त्यातला हा एकच चुकला.

पानं वाढून झाली. बाबा खुशीत होते. बहीण जायला निघाली होती, घर जुळत होतं. "जवाईबापू, आमच्याकडे पद्धत हाये बरं. जो घरात असंन त्यानं पुस्तकावर बोलाचं. कोणाचं हाये आज?"

"मायं," शकूआत्या म्हणाली.

तिचा आवाज आठवड्याभरात आम्ही धड ऐकला नव्हता. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. सांगायला लागली. एक सुलभा नावाची बाई. तिचा नवरा गावात लोकांच्या लग्नाकार्यात पुढे, सगळ्यांशी गोड. घरात आला की चप्पल काढायच्या आधी हात उचलायचा. आत्या सांगत होती तसं, जसं कोणी बाजारातून काय काय आणलं ते सांगावं. मामाजी गोळा कुस्करत होते, मान डोलावत होते. बाबा मधूनच म्हणाले, "बायकोचंबी काही चुकत असंन." आईनं फोडणीची पळी विस्तवावर धरली होती.

"मंग एक दिवस," आत्या म्हणाली, "वरणात मीठ जास्त पडलं. त्यानं ताट भिताडावर मारलं. ती पुसाले वाकली त त्यानं तिचा हात धरला, उंबरठ्यावर ठेवला, अन् वरवंटा घेऊन..."

"तसं नाई ते," मामाजी म्हणाले.

सगळ्यांनी वर बघितलं. मामाजींनी सारात बोटं बुडवून घास सारखा केला. "उगीच वाढवून नको सांगू. वरवंटा कुठून आला? हात दारात चेपला होता. अन् मीठ नाई, भाकर करपली होती."

घास तोंडात गेला. त्यांनी तो चावला. खोलीत फक्त पळीतल्या तेलाचा चर्रर्र आवाज होता, मोहरी एकेक करून फुटत होती. बाबांचा हात भातावर तसाच राहिला.

"जवाईबापू," बाबा फार हळू म्हणाले, "तुमी हे पुस्तक वाचलं काय?"

"कोन्तं पुस्तक?" मामाजी म्हणाले.

आणि मग त्यांनाही ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

यानंतरचं मी बरेचदा सांगितलं आहे आणि दर वेळी माझ्या सांगण्यात मी जास्त शूर होत गेले आहे, म्हणून इथे सांभाळून लिहिते. मामाजी उठले. हसले. "गंमत केली दादा," म्हणाले. कोणी हसलं नाही तेव्हा त्यांचा चेहरा पुसल्यासारखा झाला आणि खालून दुसराच वर आला. ते सरळ कोपऱ्यात गेले आणि त्यांनी आत्याला धरलं. पलस्तराच्या हातालाच धरलं. "चाल. लय झालं पुस्तक." आत्या ओरडली. माणूस ओरडतो तसं नाही. हाडातून काही निघालं. सुरेश ताटावरून उडी मारून त्यांच्या अंगावर गेला. त्यांनी कोपर असं मारलं की तो भिंतीशी रचलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यांवर जाऊन पडला आणि सुतळी तुटून अख्खी रास त्याच्यावर आली. मी मामाजींच्या दंडाला चावले. सफारीचं कापड फार जाड होतं हे मला अजून जिभेवर आठवतं. मी सोडत नव्हते, त्यांनी माझे केस मुठीत धरून माझं डोकं मांडणीच्या फळीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. तेवढ्यात त्यांच्या मानेवर काहीतरी बसलं आणि ते किंचाळले. आईनं पळी रिकामी केली होती. थोडं तेल माझ्याही कानावर उडालं. ती जागा अजून गुळगुळीत आहे, कर्णफूल घातलं की चुरचुरते.

बाबा मात्र पानावरच बसले होते. मी मामाजींच्या काखेखालून त्यांना बघितलं. ज्या माणसाचा हात आमच्यावर उठायला क्षण लागत नसे, तो माणूस आपल्या हाताकडे बघत होता, भात लागलेल्या. मग ते उठले. दारामागे गेले. ठण्ण. ते वजन जमिनीवरून उचलताना कडेला आपटलं तो आवाज. बाबांनी ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि मामाजींच्या समोर उभे राहिले. मामाजींनी मला सोडलं, आत्याला सोडलं, भिंतीला चिकटले.

"टाका!" आई म्हणाली. रिकामी पळी तिच्या हातात होती. इतके रविवार तिनं जे शांतपणे सांगितलं होतं तेच ती आता किंचाळत होती. "टाका न डोक्शावर! काहून थांबले? टाका!"

बाबांनी वजन आणखी वर नेलं. आणखी एक श्वास गेला असता तर ते पडलंच असतं, आणि आज मी हे प्रकरण लिहिलं नसतं, कारण आमच्या घरात ते कोणालाही पुढे सांगता आलं नसतं.

"भाऊ." आत्या भिंत धरून उभी राहिली होती. पलस्तर तडकलं होतं, आतून लाल ओलं झालं होतं. "ते खाली ठेव. पुस्तक मी वाचलं. शेवट मी लावीन."

नियम बाबांचाच होता. त्यांनी तो पहिल्यांदा पाळला. वजन खाली आलं, त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर आलं, नख फुटलं, पण ते हलले नाहीत.

आत्या चालत दारापर्यंत गेली. त्या सागवानी दाराला ती आल्यापासून पहिल्यांदा हात लावत होती. तिनं ते पूर्ण उघडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "जा." मामाजी मान धरून, तिरके तिरके, तिच्या बाजूनं बाहेर दुकानात गेले. बाहेर पाय पडल्याबरोबर त्यांच्यात पुन्हा जीव आला. वळले, चौकट हातानं धरली आणि आत डोकं घालून म्हणाले, "तुले काय वाटते, हे लोक तुले पोसतीन? चार दिवस. तसं नाई ते, शकुंतला. तू येशीनच..."

तिनं दार लावलं. चौकटीवर त्यांची बोटं होती.

तो आवाज मी लिहिणार नाही. मांडणीवरची भांडी थरथरली एवढं सांगते. तिनं सगळं अंग दारावर टाकलं होतं, एक खांदा, एक गाल, डोळे मिटलेले. मग तिनं दार थोडं उघडलं, बोटं निघून जाऊ दिली, पुन्हा लावलं आणि कडी घातली. शेडमधून कोणीतरी धडपडत, गठ्ठ्यांना आपटत, शिव्या देत, रडत जात होतं. मग रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं. मग काही नाही.

"लागला," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

आईनं सगळ्यांची पानं पुन्हा सारखी केली. माझ्या डोक्याला हळद दाबली, सुरेशला रद्दीखालून ओढून काढलं, आत्याला घास भरवला. गोळाभात थंड झाला होता. बाबा जेवले नाहीत. फुटक्या अंगठ्यातून रक्त येत होतं, ते एका जुन्या वर्तमानपत्रावर पाय ठेवून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मायंबी मत सांगाचं राहिलं." आम्ही थांबलो. "चांगलं पुस्तक हाये," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

पुढे समाजातली मोठी माणसं आली, गाडी करून आली. जावयाचा हात मोडणारं घर म्हणून आमची बरीच कीर्ती झाली. पुढे मला बघायला येणारे लोक आधी दाराकडे बघायचे. बाबा प्रत्येकाला एकच सांगत, "शेवट लागला हाये. आता बदलत नाई." शकूआत्या राहिली. मनगट वाकडंच जुळलं. त्याच हातानं तिनं तराजू धरला, आणि बाबांनंतर दुकान तिनंच चालवलं. बाबा त्या दिवसापासून संत झाले नाहीत. हात पुढेही उठायचा, पण पुष्कळदा मध्येच थांबायचा, आणि ते दुकानात निघून जायचे. एक मात्र झालं. घर जुळवणारा शेवट त्यांनी पुन्हा कधी सुचवला नाही. रविवारी ते नुसतं ऐकायचे.

आता हुडकेश्वरला तूर औषधालाही राहिली नाही. दुकानाच्या जागी चार मजले आहेत, दुसऱ्या मजल्यावर आत्या आणि सुरेशचं कुटुंब राहतं. ते दार आत्यानं बिल्डरकडून मागून घेतलं आणि तिच्या खोलीला लावलं. माझी भाची मिहानमध्ये नोकरी करते आणि फोनवर पुस्तकं वाचते. तिला शेवट नेहमी माहीत असतो, त्यामुळे बिचारीला रविवारी बोलायला काही नसतं.

मागच्या हिवाळ्यात एका वाचनालयानं जुनी पुस्तकं काढून टाकली, तिथं मी सवयीनं ढिगापुढे बसले. एक उचललं. पहिल्याच पानावर सुलभा चप्पल न घालता सासरी उतरत होती. हेच ते. पुठ्ठ्यासकट, नावासकट, साबूत. मी तिथेच जमिनीवर बसून शेवटपर्यंत वाचलं आणि रविवारी आत्याकडे गेले. भाची खिडकीशी फोनवर वाचत होती, आत्या पलंगावर बसून फुटाणे निवडत होती. सत्तरी ओलांडली आहे, कान तेवढे कमी झालेत.

"आत्या, तुझं पुस्तक सापडलं. पुरं हाये."

"वाचलं काय?"

"वाचलं."

"मंग मत सांग."

मी सांगितलं. पुस्तकात नवरा सुलभाला थापड मारतो, ढकलतो, पण हात कुठेच मोडत नाही. वरवंटा नाही, उंबरठा नाही. "ते तू घातलं होतं," मी म्हटलं. "अन् मुद्दाम चुकीचं घातलं."

आत्यानं एक खडा काढून खिडकीतून टाकला. "त्याले चूक सहन नव्हती होत, बाई," ती म्हणाली. "मी खरं सांगतलं असतं त गप्प बसून जेवला असता." मग विचारलं, "नवरा घ्याले येते, दार वाजते, तिथं मायं पान तुटलं होतं. मंग काय करते ते?"

"उघडते. तो पाया पडतो. ती त्याचे डोळे पुसते आणि त्याच्याबरोबर परत जाते. वर लेखकानं लिहिलंय की तिला फार हलकं वाटलं."

आत्यानं आणखी एक खडा शोधून टाकला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग तिनं वाकडा हात पुढे केला. "आण इकडं. कुठून हाये ते?"

मी पान काढून दिलं. तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं, वाकड्या मनगटानं दाबून धरलं आणि उजव्या हातानं ती शेवटची पानं ओढली. दुकानात आयुष्य गेलेल्या हाताचा एकच झटका, शिवणीतून, स्वच्छ. पुठ्ठाही गेला. एक पान वळवून तिनं पुडी केली, बूड दुमडलं, मूठभर फुटाणे भरले आणि माझ्या हातात दिली. उरलेलं पुस्तक भाचीकडे सरकवलं. "घे. आता वाचाले बरोबर झालं."

मी फुटाणे खाल्ले. संपल्यावर जुन्या सवयीनं पुडी उलगडायला गेले, तर आत्यानं माझ्या हातावर चापट मारली. बोटं झणझणली. या वयातही हात असा लागतो तिचा.

"त्यात काई नाई वाचाले," ती म्हणाली.